आवजी दप्तरदारांनी टोपल्याचे माप ठरविले त्याची हकीकत

श्रीगणेश प्रसन्न, श्रीशारदा प्रसन्न, आणि जो कागद वेळेवर हाती येतो तोही प्रसन्न असो. शके सोळाशे एकसष्ट, सिद्धार्थीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी राज्यात जो प्रसंग गुदरला, तो ऐकिला तैसा लिहिला आहे, श्रोती सावध होऊन ऐकावा.

राज्याची कचेरी गडाच्या माथ्यावर, आणि दप्तरखाना आगीच्या भयास्तव गडाच्या पोटी, कातळात खोदलेला, आणि दोहींच्या मध्ये एक अरुंद, उभा जिना. खाली सात पिढ्यांचे कागद रुमालांत बांधून फडताळी ठेविले होते, आणि वर चिटणीस ते वाचीत आणि उत्तरे लिहून परत खाली दाखल करवीत. थोरल्या महाराजांचे वेळेस कोणा हुजऱ्याच्या हातून चार कागद जिन्यात वाऱ्याने उडाले, तेव्हापासून रिवाज पडला की एका खेपेस एकच कागद न्यावा. मग काय विचारावे! एक कागद वर येई, चिटणीस वाचीत, आणि पुढला येईतो जानव्याशी चाळा करीत बसत, आणि हुजरे जिना चढून चढून धापा टाकीत, आणि दरबार म्हणे की राज्यकारभार मोठा नेटका चालला आहे. ऐसियात शेजारच्या राजाने आंबेकोंड गावावर हक्क सांगितला. पंच बसले आणि ठराव जाहला की पौर्णिमेस सूर्य बुडण्याआधी गावाचे कुल कागद वाचून, उत्तर लिहून, दप्तरी दाखल करावे, न केल्यास गाव गेला. पंचांचे बोलणे रोखठोक होते, की "खाली दाखल ते खरे, वर राहिले ते वारे." आता आवजी नारो दप्तरदार यांची लेक उमाबाई त्याच आंबेकोंडात दिली होती. तिने जासुदाहाती निरोप पाठविला की, "बाबा, सामान बांधू की चूल पेटती ठेवू?" आवजी मूळचे तापट, नाकावर माशी बसू न देणारे, त्यांस हा निरोप काळजात रुतला. ते तडक हुजुरात उभे राहिले आणि बोलिले, "महाराज, एकेक कागद आणाल तर पौर्णिमा काय, शिमगा उलटेल. मी टोपले लावणार. रिवाज मोडतो, शिक्षा मागाहून द्यावी."

तेव्हा गिरमाजीपंत फडणीस, जे रिवाजास देवापरीस मानीत, ते म्हणो लागले, "आवजीपंत, वाडवडील काय खुळे होते?" आवजी म्हणाले, "खुळे नव्हते, पंत. त्यांचे कागद थोडे होते." महाराजांस हे उत्तर बहुत आवडले, आणि राजे लोकांस एखादी गोष्ट आवडली म्हणजे ती प्रमाणात राहत नाही. आज्ञा जाहली की टोपले कशास, कणगी आणा! मग धान्याची थोर कणगी आणिली आणि आंबेकोंडाचे कुल रुमाल तीत कोंबू लागले. वर चिटणीस हातावर हात ठेवून बसले, कारण कणगी भरेतो एकही कागद वर येईना. दोन प्रहरी ती भरली, आणि मग बारा गडी लागले, आणि जिन्याच्या वळणावर ती अशी अडकली की ना वर जाई ना खाली येई, आणि वरचे गडी वर आणि खालचे खाली राहून एकमेकांस शिव्या देऊ लागले. अखेर कणगी फोडावी लागली. अति तेथे माती, ती येथे जिनाभर जाहली. गिरमाजीपंत पोट धरून हसले आणि म्हणाले, "घ्या, टोपल्याची हौस फिटली?" आवजी लाल होऊन गरजले, "दोष टोपल्याचा नव्हे, मापाचा! एक कागद म्हणजे उपाशी मरणे आणि कणगी म्हणजे अजीर्णाने मरणे. मधले माप मी काढून दाखवीन, न साधे तर दप्तरदारीची वस्त्रे आपल्या पायी ठेवीन आणि लेकीसंगे आंबेकोंडातून बाहेर पडेन."

मग त्यांनी जिन्याच्या तोंडी वेळ मोजण्यास घटिकापात्र मांडिले आणि अंदाजावर काही सोडिले नाही. एका रुमालाचे टोपले लाविले, मग दोहोंचे, तो काम निम्मे वेळात जाहले. चोहोंचे लाविले, आणखी लवकर. आठांचे लाविले, किंचित लवकर. पुढे सोळांचे लाविले तो काहीच लाभ नाही, उलट हुजऱ्याची मान मोडे आणि चिटणीस वाट पाहत बसे. तेव्हा आठांवर थांबावे ऐसे मनी आले. इतक्यात बुरुडाने उदारपणे अर्धा रुमाल अधिक मावेल ऐसे टोपले विणून आणिले, आणि खालच्या कारकुनांस रिकामी जागा बघवेना, म्हणोन ते नववा रुमाल सोडीत, अर्धा टोपल्यात भरीत, उरलेला गाठी मारून फडताळी ठेवीत, आणि पुढल्या खेपेस तोच पुन्हा सोडीत बसत. आवजींनी हे पाहिले आणि ते टोपले पायाखाली चेपून टाकिले. म्हणाले, "फडताळात रुमाल आहे तर टोपल्यातही सगळा रुमालच बसेल, तुकडा नाही!" मग पुरत्या आठ रुमालांची दोन टोपली केली, की एकातले वर वाचून होई तो दुसरे खाली भरून तयार. धाकोजी नामे वडील हुजरा होता, तो म्हणाला, "सरकार, आजवर जिना आमच्या उरावर होता, आता आमी जिन्याच्या उरावर हाव." उत्तरे खाली नेण्यासही तैसेच टोपले लाविले. काही आळशी कारकून एकच कागद घालून ते पिटाळू लागले, तेव्हा आवजींनी सक्त हुकूम दिला की टोपले भरल्याविना खाली हलू नये. हा हुकूम त्यांच्याच गळ्यास फास होऊन बसला.

पौर्णिमा उजाडली. कागद झरझर वर आले, चिटणीस थुंकी गिळण्यासही थांबले नाहीत, आणि तिसरे प्रहरी सर्व वाचून जाहले, आणि आंबेकोंडाचे उत्तर लिहून, शिक्का करून टोपल्यात पडले. दरबारी पानविडे फिरू लागले. आवजी गवाक्षापाशी उभे होते, सूर्य डोंगरास टेकला तो त्यांनी सहज पुसिले, "दाखल जाहले ना?" तेव्हा टोपल्यापाशीचा कारकून चाचरत म्हणाला, "टोपले भरले नाही, सरकार. आपलाच हुकूम." हत्ती गेला आणि शेपूट राहिले! शेजारच्या राजाचा वकील मिशीत हसला. गिरमाजीपंत उठून म्हणाले, "हुकूम तो हुकूम. कोरे कागद घालून भरा आणि मग न्या." भरण्यास वेळ कोठे होता? आवजींच्या डोळ्यांपुढे उमाबाईची चूल दिसली, आणि मग भीतीचाच संताप जाहला. ओरडून बोलिले, "थोरल्या महाराजांचा रिवाज मोडिला तो माझ्या हुकुमाची काय मातब्बरी! शेवटचे टोपले रिकामे असो वा भरले, ते खाली गेलेच पाहिजे. धाकोजी, धाव!" धाकोजी एका कागदाचे ते टोपले घेऊन असा सुटला की जिन्यास पाय लागले की नाही, देव जाणे. खालून दाखल जाहल्याची घंटा वाजली तेव्हा सूर्याची कोर शिल्लक होती. पंचांनी मान डोलविली. आवजी तेथेच पायरीवर बसले, भर दरबारात रडले, आणि जासुदास म्हणाले, "जा, लेकीस सांग, चूल पेटती ठेव."

त्याउपरी महाराज बहुत संतोषले आणि आज्ञा जाहली की आठ रुमालांचे माप शिळेवर कोरून जिन्याच्या तोंडी उभारावे, आणि यावच्चंद्रदिवाकरौ कोणी बदलू नये. शिळा आली, पाथरवट आला. आवजी शिळेवर जाऊन बसले ते उठेनात. म्हणाले, "महाराज, उद्या जिना रुंद होईल, रुमाल लहान होतील, आणि हा दगड मात्र आठच म्हणत राहील. एका हुकुमाने गाव बुडता बुडता राहिला, दुसरा मी कोरू देणार नाही. वस्त्रे घ्यावी, पण छिन्नी आवरावी." महाराज रुष्ट जाहले, वस्त्रे घेतली, आणि आठवे दिवशी कागद तुंबले तेव्हा मुकाट्याने परत दिली.

एवंच, एकेकाने वेळ गेला, कणगीने जिना गेला, आणि भरण्याची वाट पाहता गाव जात होता तो हट्टाने राहिला. शिळा अद्याप कोरीच आहे. हुजरे तीवर टोपले टेकवून दम खातात. ज्या कोणास माप पाहिजे असेल त्याने आपले टोपले घेऊन यावे आणि जिना चढून पाहावा.