आपांचे साडेतीनशे घोडे

आपा राऊळ आपली स्पोर्ट्स कार प्रत्येक एसटी थांब्यावर थांबवतात. कोणाला उतरायचं नसतं, कोणाला चढायचं नसतं, मागची सीट तर नुसती नावाला आहे. पण थांब्याची पाटी दिसली की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, कारण जन्मभर त्यांनी एसटीच चालवली. त्यात गाडी तांबडी. एकदा आरवलीच्या थांब्यावर एक म्हातारी मासळीची पाटी घेऊन सरळ दार उघडून आत बसली आणि म्हणाली, "शिरोड्याक सोड रे." आपांनी सोडलं. पुढे आठवडाभर गाडीला बांगड्यांचा वास येत होता आणि आपा मला सांगत होते, "बाई, पॅसेंजर रस्त्यार ठेवन जावचो नाय. ती सवय लागली काय मगे सुटना नाय."

बाई म्हणजे मी. वेंगुर्ल्याच्या हायस्कुलात मराठी शिकवते आणि राऊळांच्या शेजारी राहते. आमच्या दोन अंगणांच्या मधे चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत आहे. मे महिन्यात त्यावर मी आंब्याची साठं, म्हणजे आंबापोळ्या, वाळत घालते आणि बारा महिने त्यावरून आपा माझ्याशी बोलतात.

गाडी मुळात आपांची नव्हे, त्यांच्या एकुलत्या मुलाची. योगेश गोव्यात एसी दुरुस्तीची कामं करायचा, तेव्हा तिथल्या एका हौशी माणसाकडून त्याने ती जुनी विकत घेतली. जपानी, दोन दारांची, जमिनीला पोट लावून बसलेली. वर्षभर हुंदडला, मग मस्कतला नोकरी लागली तसा गाडी आपांच्या अंगणात उभी करून गेला. जाताना सांगून गेला की तिची ताकद वाढवून घेऊया, म्हणजे पुण्याचा एक शौकीन ती डोळे मिटून घेईल. थोडक्यात, गाडी तयार झाली की गाडी जाणार. हे अख्ख्या वाडीला माहीत आहे आणि अख्खी वाडी त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. सगळ्यांत जास्त मी.

सध्या त्या गाडीत दीडशे घोडे आहेत. आपांना हवेत साडेतीनशे. कशाला, हे मी एकदा विचारून पाहिलं. आमच्या रस्त्याला एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला गुरं आणि मधोमध गतिरोधक. गतिरोधक आला की आपा आधी बायकोला, म्हणजे सुमनवयनींना, खाली उतरवतात, गाडी तिरकी करून हळूहळू पलीकडे नेतात आणि मग वयनी चालत जाऊन पुन्हा आत बसतात. म्हणजे आहेत ते दीडशे घोडेच बसून खातायत.

"घोडे होये तर होये," आपा म्हणाले. "पण बजेटात."

बजेट हा त्यांचा लाडका शब्द. बजेट म्हणजे पेन्शनीतून वयनींनी काणाडोळा करून जे काढू दिलं ते. आता शहाणा माणूस गाडीची ताकद वाढवायची तर आधी ब्रेक बघतो, टायर बघतो, इंजिन थंड ठेवायची सोय करतो आणि सगळ्यांत शेवटी टर्बोला हात घालतो. हे मला आपांनीच समजावून सांगितलं होतं. मग त्यांनी स्वतः टर्बोपासून सुरुवात केली. कारण रेडीला खनिज वाहणारा एक डंपर भंगारात निघाला होता आणि त्याचा टर्बो बजेटात बसला.

टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र. दिसतो शंखासारखा. डंपरचा असल्यामुळे हा शंख दोन माणसांनी उचलून आणावा लागला. वयनींना वाटलं नवरा पाण्याचा पंप घेऊन आला. आता माडांना पाणी मिळेल म्हणून त्या बिचाऱ्या खूश झाल्या. बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारे इस्माईल मिस्त्री बघायला आले, आणि त्यांनी टर्बोभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"आपा," ते शेवटी म्हणाले, "ह्यो टर्बो जागो होयसर वेंगुर्ला सोपतला आणि शिरोडा लागतला."

"मगे शिरोड्याच्या फुडे धावतली," आपा शांतपणे म्हणाले.

"बोनेट बंद होवचा नाय."

"बोनेटाक भोक पाडूया. बजेटात बसता."

या सगळ्याचा नकाशा आपांनी कोळशाने गडग्यावर काढला. तोही माझ्या बाजूने, कारण त्यांच्या बाजूला दुपारचं ऊन येतं. माझ्याकडे आलेले पाहुणे तो नकाशा बघून विचारायचे की ही वारली चित्रं कोणी काढली. त्यातच रोज संध्याकाळी गाडी जागच्या जागी सुरू करून तिचा आवाज ऐकण्याचा कार्यक्रम. त्या मे महिन्यात माझ्या साठांवर काजळीचा थर बसला. मी तणतणत गेले. आपांनी एक तुकडा तोडला, चघळला, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "पेट्रोल वायच जास्त पडता हा." माझ्या साठांची कोणी अशी परीक्षा घेतली नव्हती.

शुक्रवारी मस्कतला सुट्टी असते. संध्याकाळी योगेशचा फोन आला की राऊळांच्या घरात परिषद भरते. आपा फोन स्पीकरवर टाकतात आणि चढत्या आवाजात सुरू करतात. इंटरकूलर, इंजेक्टर, पिस्टन, मॅपिंग. जो माणूस एरवी दिवसभरात दोन वाक्यांवर जात नाही, तो शुक्रवारी थांबतच नाही. त्या वेळात मी पेपर तपासायला घेत नाही, नाहीतर मुलांच्या निबंधांना पिस्टनचे मार्क पडतील.

हळूहळू सगळे सुटे भाग जमले. अंगणातल्या खोपटीत खोक्यांवर खोकी चढली. बसवायचं मात्र नाव नाही. कधी चतुर्थी तोंडावर आलेली, कधी एक वॉशर कमी, कधी आपांची कंबर धरलेली. मी गडग्यावरून रोज टोचायची, आणि आपा रोज उद्यावर ढकलायचे. शेवटी एकदा मी फारच लावून धरलं, तेव्हा ते म्हणाले, "देवाक विचारूया."

आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, गुरवाकरवी ग्रामदेवाला कौल लावतात. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी मुद्दाम बरोबर गेले. साक्षीला कोणीतरी हवंच होतं.

गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान गाडयेक टर्बो हाडलो हा, तो बसवूचो आसा, तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

उजवी पाकळी पडली, आणि तीही लगेच. देवालाही त्या आवाजाचा कंटाळा आला असणार.

"तसा नाय," आपा म्हणाले. "ह्याच म्हयन्यात बसवूचो काय, असा विचारा." उजवी. "इस्माईलाच्या हातान?" उजवी. "बोनेटाक भोक पाडून?" गुरवाने त्यांच्याकडे नीट बघितलं, पण विचारलं. उजवीच. आपांच्या कपाळावर घाम आला. ते गुरवाच्या कानाशी लागले आणि लांबलचक काहीतरी सांगितलं. गुरवाने हात जोडून विचारलं की डंपरचा जीव ह्या नाजूक गाडीला सोसवेल काय, का आणखी वाट बघायची. बराच वेळ गेला. मग डावी पाकळी सावकाश घसरली आणि पडली.

आपांनी असा काही सुस्कारा सोडला की मी दचकले. नारळ ठेवला, गुरवाला दक्षिणा दिली, आणि परत येताना शीळ वाजवत आले. नकार मिळाल्यावर एवढा आनंदलेला भक्त मी जन्मात पाहिला नव्हता. मला संताप आला. वाटलं, हा माणूस भित्रा आहे, आणि आपल्या भित्रेपणाला देवाची सही घेतोय.

मग मी हट्टाला पेटले. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणजे इस्माईल मिस्त्री मोकळे. मी बंदरावर जाऊन त्यांना गाठलं. "काम मोठा नाय," ते म्हणाले. "मी कदी येव, इतक्याच आपांनी सांगूक होया." मी म्हटलं, मी सांगते, उद्या सकाळी या. आणि ही बातमी आपांच्या तोंडावर टाकायला त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. शुक्रवार होता, ते माझ्या लक्षात नव्हतं.

वयनी पडवीत केरसुणीसाठी माडाच्या झापाचे हीर सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला हातानेच बस म्हणून खुणावलं. आत फोन चालू होता. परिषद संपत आली होती.

"आणि काय?" योगेशचा आवाज आला.

"काय नाय. तुझा काय?"

"बरा आसा."

"जेवलंस?"

"होय."

मग काहीच नाही. दोन्हीकडे माणसं होती आणि दोन्हीकडे शांतता. आपा खुर्चीत पुढे झुकून फोनकडे बघत होते.

"मगे ठेवतंय," योगेश म्हणाला.

"रव रे, रव. ता इंटरकूलराचा सांगूचा ऱ्हवलाच." आणि पलीकडून मुलाचा आवाज एकदम जिवंत झाला. "काय झाला तेका?"

"काय झाल्ला नाय तेका," वयनी मान वर न करता हळू आवाजात मला म्हणाल्या. "गेल्या शुक्रवारी पण ह्याच सांगितल्यानी. हेंका इंजिनातला काय एक कळना नाय, बाई. आदल्या दिसा, बेस्तरवारी, मोबाईलात बघून बघून पाठ करतत." त्यांनी एक हीर सोलून बाजूला ठेवला. "हे सदा रातच्या गाडयेर. रात्री येयत तेव्हा पोर निजलेला, आणि पोर शाळेत जाय तेव्हा हे निजलेले. दोघांका बोलूची सवयच लागूक नाय. गाडी आसा म्हणान इतक्या तरी बोलतत. ती गेली काय मगे काय बोलतले?"

इस्माईल मिस्त्रींचा निरोप ओठांवर आला होता, तो तिथेच राहिला. त्या पोराचाही राग येईना. फोन ठेवायची घाई त्यालाही नव्हती, त्यालाही पुढचं वाक्य सापडत नव्हतं, एवढंच.

इंटरकूलर संपला. "फोटो धाडा, बघतंय," योगेश म्हणाला. "बरा," आपा म्हणाले. पुन्हा तीच शांतता.

"ठेवू?"

आपांनी तोंड उघडलं. या आठवड्याचा अभ्यास संपला होता. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं, कारण पाठ केलेलं संपलेली मुलं मी रोज बघते.

मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि वर्गातल्या आवाजात म्हटलं, "आपा, क्लचचं सांगितलंत का त्याला? केवढा आवाज करतोय."

क्लच काहीही आवाज करत नव्हता. त्या गाडीतली शुक्रवारच्या फोनवर अजून न निघालेली तेवढी एकच वस्तू होती. आपांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"हां रे, क्लच," ते फोनकडे वळून म्हणाले. "बाईंनी ऐकल्यानी."

"कसलो आवाज, बाई?" योगेशने थेट मलाच विचारलं.

"किर्र," मी म्हटलं.

"गिअर बदलताना काय?"

"बदलताना. आणि न बदलतानाही."

"मगे ता सोपा नाय," योगेश गंभीरपणे म्हणाला आणि सुरुवातीपासून समजावू लागला. आपांनी खुर्ची फोनच्या आणखी जवळ ओढली.

घरी येऊन मी इस्माईल मिस्त्रींना फोन केला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण हल्ली आपांसारखीच गुरुवारी रात्री मीही तपासायचे पेपर बाजूला सारते, चष्मा पुसते आणि गिअरबॉक्समध्ये काय काय बिघडू शकतं ते वाचत बसते.