रक्तरक्षकाची कवळी

"या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे," असं कवळीदादा छातीठोकपणे सांगत, आणि ते खोटं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी कवळ्या केल्या होत्या. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं दुकान. पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि आरसा, मागच्या खोलीत भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, नंबर घालून मांडलेले. दुकानाचा नियम एकच. नवी कवळी बसवली की माणसानं वर्तमानपत्रातला एक उतारा मोठ्यानं वाचायचा आणि एक सफरचंद बियांपर्यंत खायचं. त्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नसे.

दुःख एवढंच, की या धंद्यात नाव होत नाही. शिंप्याचा सदरा लोक मिरवतात, कवळी कोण मिरवणार? ज्यांचे दात करून दिले तीच माणसं रस्त्यात दिसली की घाईनं दुसरीकडे बघायची. आणि नात्यात एक मेहुणे होते. बायकोचे थोरले भाऊ, खरेखुरे दातांचे डॉक्टर. चारचौघांत ते ओळख करून द्यायचे, "हे आमचे भावजी. दातांच्याच लाइनीत असतात." त्या 'असतात'वर कवळीदादा तीस वर्षं जळत होते.

म्हणून एक दिवस 'रक्तरक्षक' सिनेमाचा मॅनेजर खोक्यात नायकाच्या दातांचा साचा घेऊन दुकानात आला, तेव्हा कवळीदादांना आपल्या नशिबाचं दार उघडल्यासारखं वाटलं. 'रक्तरक्षक' कोणाला ठाऊक नव्हता? दिवसा साधा कारकून, अंधार पडला की सुळे फुटणारा व्हॅम्पायर, पण मनानं सज्जन. फक्त गुंडांचं रक्त पितो. सिनेमा तुफान चालला होता. फक्त त्यातले प्लास्टिकचे दात नायकाच्या तोंडातून सारखे गळायचे, आणि ते घालून तो असा बोबडा बोलायचा की शेवटी आवाज दुसऱ्याचा घ्यावा लागला होता.

"दुसऱ्या भागात तसं नको," मॅनेजर म्हणाला. "आणि दिग्दर्शक साहेबांनी चित्र काढून दिलंय. असे लांब, वाकडे, पिवळे सुळे हवेत. बघून पोरं आयांना बिलगली पाहिजेत."

"पैशाचं मागाहून बघू," कवळीदादा म्हणाले. "पडद्यावर माझं नाव आलं पाहिजे."

मॅनेजरनं शब्द दिला. संध्याकाळपर्यंत कवळीदादांच्या बायकोनं तो शब्द सगळ्या नातेवाइकांत पोचवला. डॉक्टर मेहुण्यांना तर दोनदा फोन केला.

"अहो, आता नाव आलंच पाहिजे हं," ती म्हणाली. "नाही आलं तर मला माहेरी तोंड दाखवायला जागा नाही."

कवळीदादांनी साचा उजेडात धरला आणि त्यांचा जीव कळवळला. लाखो लोकांचा लाडका नायक, पण तोंडात ही गर्दी! पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, तिसरा आत दडून बसलेला. असा माणूस घास कसा चावत असेल? वाकड्या पिवळ्या सुळ्यांचं चित्र समोर भिंतीला लावलेलं होतं, पण हात काही केल्या तिकडे वळेना. तीस वर्षं जो हात लोकांचे दात सरळ करत आला, तो जाणूनबुजून वाकडे कसे करणार?

त्यांनी मूळ दातांवर टोपीसारखी बसणारी वरची अख्खी ओळ केली. सुळे लांब ठेवले, नाही असं नाही. पण जिभेला लागू नयेत म्हणून टोकं कानशीनं घासून गोल केली. चढलेले दात ओळीत आणले, दडलेला पुढे घेतला, आणि रंग नायकाच्या वर्णाला शोभेल असा दुधी दिला. काम हातावेगळं केल्यावर त्यांनी ते आरशासमोर धरलं. त्यांना स्वतःचाच फार अभिमान वाटला.

स्टुडिओत त्यांनी नायकालाही नियमातून सूट दिली नाही. वर्तमानपत्र दिलं, सफरचंद दिलं. नायकानं उतारा वाचला तो खडखडीत. सफरचंद संपवलं. मग आरशात बघितलं आणि बघतच राहिला. ओठ मिटून हसायची त्याची लहानपणापासूनची सवय. आता तो सगळे दात दाखवून हसला. मेकअपवाली बाई म्हणाली, "अगंबाई, किती गोड दिसतंय."

तेवढ्यात दिग्दर्शक आले.

"हा व्हॅम्पायर आहे?" ते म्हणाले. "हा तर मुलगी बघायला निघालाय."

"भीती अभिनयातून आली पाहिजे," कवळीदादा म्हणाले. "दातांचं काम चावणं आणि बोलणं. दोन्ही करून दाखवलंय."

"टोकं धारदार करा."

"तोंडात जखम होईल असं काम माझ्या दुकानातून बाहेर पडत नाही."

दिग्दर्शकांनी दुसरे दात मागवायचं ठरवलं. पण नायक अडून बसला. हे दात काढायचेच नाहीत म्हणाला. जेवताना घातले, मुलाखतींना घातले, झोपताना तेवढे कवळीदादांनी सांगितल्याप्रमाणे पाण्यात ठेवले. आणि दुसऱ्या दिवशी कारकुनाच्या प्रसंगांनाही तो तेच घालून उभा राहिला.

"अरे बाबा, दिवसा तू माणूस असतोस," दिग्दर्शक म्हणाले. "माणसाला असे सुळे नसतात."

"मग दिवसाही व्हॅम्पायरच दाखवा," नायक म्हणाला.

नायकापुढे कोणाचं चालतं? लेखकानं रातोरात कथा बदलली. कचेरीतला कारकून आता भर दुपारी सुळे दाखवत फायली पुढे सरकवू लागला आणि शेजारच्या टेबलावरच्या कोणालाही त्याचं काही वाटेना.

तिथून गाडी घसरली ती घसरलीच. नायिकेनं सुळे बघून किंचाळायचं होतं, ती लाजली. सतरा वेळा घेतलं, सतरा वेळा लाजली. गुंडाच्या मानेचा चावा घ्यायचा प्रसंग आला, तर गोल टोकांनी गुंडाला गुदगुल्या होऊ लागल्या. एवढा आडदांड माणूस, खुसखुसायला लागला की आवरेना. तिसऱ्या दिवशी लेखकानं गुंडाला मनमिळाऊ करून टाकलं. शेवटाला तर कहरच झाला. शेवटी नायकाला औषध मिळतं, सुळे गळतात, तो पुन्हा माणूस होतो, असा सिनेमाचा सगळा गाभा. पण सुळे गळाले की खालचे खरे दात दिसणार. नायकानं साफ नकार दिला. मग दोन तास औषधासाठी वणवण केलेला रक्तरक्षक शेवटी बाटली हातात घेतो, जरा विचार करतो आणि म्हणतो, "नको. आहे ते बरं आहे." संपला सिनेमा.

निवडक लोकांना बोलावून सिनेमा दाखवला, तर लोक पोट धरधरून हसले. भयपटाला. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांनी आपलं नाव काढून घेतलं. मग लेखकानं. मग कॅमेरावाल्यानं, संकलकानं, कपडेवाल्यानं. निर्माते परगावी गेले आणि फोन उचलेनासे झाले. नायकाच्या सेक्रेटरीनं कळवलं, साहेबांचा चेहरा आहे तेवढा पुरे, नाव नको.

मॅनेजरचा फोन आला तेव्हा कवळीदादा एका आजीबाईंच्या खालच्या कवळीवर होते.

"दादा, सगळ्यांनी नावं काढून घेतली. तुमचंही काढतो. उगाच तुम्हाला बट्टा नको."

कवळीदादांनी हातातलं काम खाली ठेवलं. शेजारी बायको डबा घेऊन उभी होती, तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"तुमच्या सिनेमात दात एकदा तरी पडले?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नायक बोबडा बोलला?"

"छे हो."

"मग मी कशाला तोंड लपवू? मी केलेल्या कामावरून माझं नाव काढत नसतो. ठेवा."

मॅनेजर जरा घुटमळला. "ठेवतो. पण नावाच्या वर नुसतं 'दात' असं लिहिलेलं एकटं बरं दिसणार नाही. खाली-वर काहीच नाही ना. फक्त तुमचं नाव ठेवतो."

"नाव असलं म्हणजे झालं," कवळीदादा म्हणाले.

पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला सगळं घर गेलं. म्हातारी आई, बायको आणि इस्त्रीच्या कपड्यांत डॉक्टर मेहुणे. सिनेमा सुरू झाला आणि लोक हसू लागले. मध्यंतरानंतर हसणंही थकलं आणि लोक उठून जाऊ लागले. डॉक्टर अधूनमधून घड्याळ बघत होते आणि प्रत्येक वेळी ते कवळीदादांना दिसेल असं बघत होते. कवळीदादांचं लक्ष मात्र नायकाच्या तोंडाकडे होतं. एवढ्या मोठ्या पडद्यावर, इतक्या जवळून, कुठं फट नाही की जोड दिसत नाही. आपण हे केलं, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला.

मग सिनेमा संपला, पडदा काळा झाला आणि संगीत सुरू झालं. नावांसाठी तीन मिनिटांचं दणदणीत संगीत आधीच तयार करून ठेवलेलं होतं आणि ते कमी करायला आता कोणी जाग्यावर नव्हतं. मधोमध एक नाव उमटलं. पुढे काही येईना, म्हणून ते तिथंच थांबलं. तुताऱ्या झाल्या, ढोल झाले, नाव आपलं जिथल्या तिथं.

"अजून आहे का रे?" आईनं विचारलं. तिला लांबचं नीट दिसत नसे.

"आहे, आई."

"अजून?"

"आहे."

म्हातारीनं अंधारातच त्यांचा हात घट्ट धरला. बायको तर रडतच होती. दाराशी पोचलेले लोक मागं वळून पडद्याकडे बघत होते. कवळीदादांनी डोळे पुसले नाहीत. पुसायला गेले असते तर तेवढा वेळ नाव दिसलं नसतं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "भावजी, म्हणजे हा अख्खा सिनेमा तुम्हीच केलात?"

"माझ्याच्यानं झालं तेवढं केलं," कवळीदादा म्हणाले.

दोन दिवसांनी सकाळी डॉक्टर स्वतः दुकानात आले. तीस वर्षांत पहिल्यांदा. हातात वर्तमानपत्र होतं आणि तोंडावर दुःख, पण ते दुःख काही नीट बसलं नव्हतं.

"वाईट वाटतं हो, भावजी. पण घरच्यानंच सांगितलेलं बरं." खुर्चीत बसून त्यांनी सिनेमाचं परीक्षण मोठ्यानं वाचायला घेतलं. कथेला शेंडा ना बुडखा. भीतीचा मागमूस नाही. गुंड का हसतो हे शेवटपर्यंत कळत नाही. पडद्यावर एकच नाव दिसतं, तेव्हा या सगळ्याचा जाब त्याच सद्गृहस्थांनी द्यावा. डबा घेऊन आलेल्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

"आणि दातांबद्दल?" कवळीदादांनी विचारलं.

"आहे की. ऐका. 'नायकाला मात्र बोल लावता येणार नाही. त्याचे सुळे जन्मतःच लांब आहेत हे उघड दिसतं. कोणाच्या व्यंगाचा असा बाजार मांडणं सदर गृहस्थांना शोभत नाही.'" डॉक्टरांनी पेपर खाली केला. "म्हणजे बघा, जे तुम्ही केलं नाही ते सगळं तुमच्या माथी मारलंय, आणि जे केलं ते तुमचं नाहीच म्हणतात."

कवळीदादांचा चेहरा उजळत गेला.

"पुन्हा वाचा, डॉक्टर. 'जन्मतःच'पासून."

डॉक्टरांनी पुन्हा वाचलं. कवळीदादांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग कात्री आणली, तेवढ्या चार ओळी कापून घेतल्या आणि आरशाच्या वर चिकटवल्या.

"अहो, पण बाकीच्या सिनेमाचं काय?" डॉक्टर वैतागून म्हणाले. "सगळं शहर तुमच्या नावानं बोटं मोडतंय."

कवळीदादा जरा ओशाळले. मग घसा साफ करून म्हणाले, "पहिलाच सिनेमा आहे माझा, डॉक्टर. थोड्याफार चुका व्हायच्याच."