तुरीचा वाटा

वैजयंतीचं वागणं पंचफुलाबाईंना मुळीच पटत नव्हतं. सुनेनं भाजीत मीठ जास्त टाकलं, एक वेळ चालेल. दूध उतू जाऊ दिलं, तेही चालेल. पण घरातल्या माणसांची चित्रं काढायची म्हणजे काय? ती नाकाडोळ्यांची असती तर गोष्ट निराळी. ही बाई बचत गटाच्या प्रशिक्षणाला तीन दिवस वाशीमला गेली काय, आणि परत आल्यापासून दिसेल त्याचा तक्ता काढत सुटली. कोण किती चहा पितं, त्याचे उभे खांब. म्हैस कोणत्या दिवशी किती दूध देते, त्याची वाकडीतिकडी रेघ. परवा तर कहर झाला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं एक गोल काढला, त्याची पाऊण फोड लाल रंगवली आणि नवऱ्याला, म्हणजे भागवतला, हळूच सांगितलं, "हे घरातलं बोलनं. लाल हाय ते आत्याबाईचं."

पंचफुलाबाईंचे कान अजून तिखट होते. "अन् उरलेलं पांढरं?"

"ते आमा दोघाचं."

"एवढं? एवढं कवा बोलता वो तुमी?"

तरीही त्या आठवड्यात सुनेला फार तोडून बोलायची सोय नव्हती, कारण पंचफुलाबाईंचं एक स्वप्न तिच्या हातात होतं. चाळीस बायांच्या गटाच्या त्या अध्यक्ष. तीस वर्षं जात्यावर तूर भरडून उजवा खांदा असा झाला होता की वेणी घालायला हात वर जात नसे. आणि कुठूनतरी गटाला एक यंत्र मिळणार होतं. एकच. दाळ मिल, शिलाई मशीन किंवा तेलघाणी. बायांना काय हवं ते पाहायला वाशीमहून वैभवी मॅडम येणार होत्या, उद्या सकाळी आठला, ऊन चढायच्या आत.

वैजयंती घरोघरी विचारून आली होती. पंचवीस बाया दाळ मिलच्या, दहा शिलाई मशीनच्या, पाच घाणीच्या. आता हे मॅडमना दाखवायचं कसं?

"रेघ काढ. रेघ बरी दिसन," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"रेघ नाई चालत, आत्याबाई. रेघेले दिवस सरकाव लागतेत. आज इतकं, उद्या तितकं. आपल्या बाया जागच्या जागी बसल्या हायेत."

"मंग खांब उभे कर. दाळीचा खांब देवळाच्या कळसाएवढा."

"खांब चालन. पन मॅडमले वाटा पाहाचा हाय. चाळीसातून कोनाकडं किती. वाट्याले गोलच पायजे. एक भाकर मोडली असं समजा. अर्ध्याहून जास्त भाकर दाळीची."

भाकर म्हटल्याबरोबर पंचफुलाबाईंना सगळं कळलं. पण कळलं असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मंग असं सांग ना पयलेच! वाशीमची भाषा कायले झाडून राह्यली?"

संध्याकाळी मारुतीच्या पारासमोरची जागा सारवून झाली. वैजयंतीनं मधोमध एक लहानसं मडकं ठेवलं, त्याला दोरी बांधून गोल फिरवला आणि त्याच्या फोडी पाडल्या. मोठ्या फोडीत दुकानातली अख्खी तूर, ती दाळ मिलची. दुसरीत मूग, तो शिलाई मशीनचा. लहानगीत तीळ, तो घाणीचा. मडकं तिथंच ठेवून ती स्वयंपाकाला गेली.

पंचफुलाबाई पारावर एकट्याच टेकल्या. दिवसभराची झळ ओसरत होती. निंबाच्या फांद्या हलल्यासारख्या वाटत होत्या, हलत मात्र नव्हत्या. त्यांचे डोळे जड झाले आणि समोरचा गोल हळूच फिरू लागला. आधी जात्यासारखा, मग जात्याहून जलद, मग तो गोल राहिलाच नाही, घूं घूं करणारी दाळ मिल झाली. तिच्या तोंडातून पिवळी दाळ धो धो पडत होती. पिवळा भुसा हवेत उडत होता, बायांच्या केसांवर, गाईंच्या शिंगांवर, मारुतीच्या खांद्यावर बसत होता. साऱ्या गावात कोणाचाही खांदा दुखत नव्हता. पंचफुलाबाई हात वर करून सावकाश आपली वेणी घालत होत्या.

जाग आली तेव्हा समोर दुकानातली तूर होती. बारकी, काळपट, दोन दाण्यांना किडीची भोकं. असल्या तुरीकडे पाहून कोण मिल देईल? त्या उठल्या, घरी गेल्या आणि आपल्या हातची दाळ घेऊन आल्या. तेलाचा हात लावून, उन्हं दाखवून केलेली, एकेक दाणा चकाकणारा. तूर झाडून त्यांनी पदरात घेतली आणि त्या जागी दाळ पसरली. मावळत्या उजेडात ती फोड अशी उजळली की पंचफुलाबाईंनाच भरून आलं. घरी त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. अध्यक्षानं सुनेला विचारून दाळ पसरायची असते थोडीच!

सकाळी आंघोळ उरकून त्या पाराकडे आल्या, तर अर्धं गाव गोलाभोवती हात जोडून उभं. उदबत्तीचा धूर निंबात चढत होता. गटातल्या गोमतीबाईनं मडक्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

झालं होतं असं, की आदला दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. दर आखाजीच्या संध्याकाळी जगदेवबुवा घट मांडायचे. मध्ये मडकं, भोवती धान्याचं रिंगण, आणि सकाळी कोणतं धान्य जागचं हललं ते पाहून यंदा काय पिकेल ते सांगायचे. यंदा बुवा लेकीकडे मानोऱ्याला होते, म्हणून घट नाही असं ठरलं होतं. आणि पाहतात तो मडकं आहे, रिंगण आहे!

"बुवा गुपचूप मांडून गेले माय," गोमतीबाई डोळे मिटून म्हणाली. "त्यायले राहवलं नाई."

पंचफुलाबाईंनी पुढे होऊन पाहिलं. दाळीच्या मोठ्या फोडीत चार दाणे उरले होते. मूग जरासा फाकला होता. तिळाचा एकेक दाणा धरून मुंग्या रांगेनं निंबावर चालल्या होत्या.

"तूर साफ गेली," भागवत गंभीरपणे म्हणाला. तो घरचा, तक्ता कोणी मांडला हे माहीत असलेला. पण चार माणसांत उभं राहिलं की त्याला स्वतःला माहीत असलेलं टिकत नसे. "यंदा तुरीचं काई खरं नाई."

"मूग पाय कसा हातपाय पसरून बसला," गोमतीबाई म्हणाली. "मुगाचं साल हाय."

तेवढ्यात वैजयंती वही घेऊन धावत आली. "अवो, हा घट नाई! हा आपल्या गटाचा तक्ता हाय!"

"तक्ता म्हन नाईतं घट म्हन. धान्य खोटं बोलते का?" गोमतीबाईनं तिला गप्प केलं. "अन् तूरच पिकत नाई तं मिलमंधी काय गोटे भरडाचे? माहं नाव मशीनीत लिव."

"माहं बी लिव."

"मालेही शिवनंच बरं बाई."

वैजयंती सरळ बाई. नावं खोडत गेली, लिहीत गेली. शेवटी तिनं मोजलं आणि तिचा चेहरा उतरला. चाळीसातल्या तीस जणी मुगाकडे गेल्या होत्या. ती सासूच्या कानाशी आली. "आत्याबाई, काल तक्ता मांडला तवा खरा होता. आता कोंबड्यायनं खाल्ला तसाच खरा झाला."

जीप आली. वैभवी मॅडम उतरल्या, कोणतं धान्य कशाचं ते वैजयंतीला विचारलं आणि गोलाकडे पाहून खूष झाल्या. "वा! किती स्पष्ट. म्हणजे शिलाई मशीनच जास्त जणींना हवंय." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पंचफुलाबाईंच्या डोळ्यांसमोर सारं हलकेच तरंगू लागलं. जीप, निंब, मॅडमचं पेन. दूर कुठेतरी घूं घूं थांबत चालली होती. त्याच तरंगण्यातून एक तांबडी कोंबडी पाराखालून निघाली. पोट जमिनीला टेकलेलं, चाल पंगतीतून उठलेल्या व्याह्याची. ती मुगावरून चालत गेली, तिळाकडे पाहिलंही नाही, आणि उरलेल्या चार दाण्यांतला एक शांतपणे उचलला.

"थांबा, मॅडम!" पंचफुलाबाईंचा आवाज असा सुटला की कोंबडीही थांबली. "तुमी लग्नाच्या पंगतीत जेवल्या असान ना?"

"हो. का?"

"पंगत उठल्यावर कोनतं भगुनं रिकामं दिसते?"

मॅडमनी विचार केला. "जे सगळ्यांना आवडलं ते."

"मंग पाहा. मूग जागेवर. तीळ मुंग्यायनं नेला, तोही अर्धाच. रिकामं काय हाय? तीन धान्यं समोर, कोनी शिकवाले नाई, कोनाचा दाब नाई, अन् सगळ्या कोंबड्या दाळीवर! याहून सच्चं मत कोनतं?"

माणसं कोंबडीकडे पाहू लागली. गोमतीबाईचा आवाज बारीक झाला. "म्हंजे तूर बुडत नाई?"

"तूर कोंबडीच्या पोटात गेली, बाप्पा! तुह्या कुंकवानं ते परत येत नाई."

गोमतीबाईनं उदबत्ती हळूच उचलली आणि मारुतीपुढे नेऊन लावली, जणू पहिल्यापासून तिथंच लावायची होती. मॅडम हसू आवरत म्हणाल्या, "असं करू. ज्यांना दाळ मिल हवी, त्यांनी हात वर करा." एकतीस हात वर झाले. गोमतीबाईनं दोन्ही केले; वैजयंतीनं तिचा एकच धरला. पंचफुलाबाईंचा दुखरा हात जेमतेम कानापर्यंत गेला, आणि मॅडमनी तो मोजताना थोडा जास्त वेळ पाहिला. मग कागदावर 'दाळ मिल' लिहिलं.

जीपमध्ये चढता चढता त्या म्हणाल्या, "पंचफुलाबाई, पुढच्या आठवड्यात शेलूबाजारला या. तिथल्या गटांना तक्ता कसा वाचायचा ते सांगा. शिक्षण किती झालंय तुमचं?"

"दुसरी. तिसरीत पाटी फुटली."

धूळ उडाली, बसली. माणसं पांगली. वैजयंती खाली बसून उरलेलं धान्य गोळा करत होती. एक दाणा तिनं उचलला, बोटांत चोळला, नाकाला लावला. "आत्याबाई, म्या तं अख्खी तूर मांडली होती. हे तेल लावलेली दाळ कुठून आली?"

पंचफुलाबाईंनी लांब पाहिलं. शेतांवर झळा उठल्या होत्या, आणि त्या झळांत काहीतरी पिवळं, मोठं, सावकाश फिरायला लागलं होतं. ते चांगलं वेगात येईपर्यंत त्या पाहत राहिल्या. मग सुनेकडे वळल्या.

"वैजू, तुहं चित्र खरं होतं. मी नाई म्हनत नाई. पन खरं हाय म्हनून कोनी उघड्यावर टाकून घरी जाते का, माय? पुढच्या वक्ताले त्याच्यावर टोपलं झाकत जाय."