फोटोपुरता पेन्को

तिसऱ्या मजल्यावरच्या राईनाताई नवऱ्याचा काळा कोट घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा पेन्को स्वयंपाकघरात मिरच्या भाजत होता.

"पेन्कोभाऊ, हा कोट घालून फोटोवाल्याकडे पाच मिनिटं बसाल का?"

त्यांचा नवरा स्पिरो आदल्या दिवशी गेला होता. निधनाचा कागद इमारतीच्या दारावर, विजेच्या खांबांवर, पावाच्या दुकानावर लावायचा म्हणजे फोटो हवा. स्पिरोचा फोटो होता तो फक्त ओळखपत्रावर, आणि त्यात तो नुकत्याच पकडलेल्या पाकीटमारासारखा दिसत होता.

"तुम्ही दोघं किती सारखे दिसायचात. सगळे म्हणायचे," राईनाताई म्हणाल्या.

स्पिरोला टक्कल होतं. पेन्कोच्या डोक्यावर छपरासारखे केस. पण नाही म्हणणं पेन्कोला जन्मात जमलं नव्हतं. समोरच्याचं तोंड उतरेल या नुसत्या कल्पनेनं तो आधीच मान डोलवी. राईनाताईंनी तेच तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा त्याला कपाळाच्या बाजूनं थोडं साम्य दिसायलाही लागलं.

"कसलं डोंबलाचं साम्य," त्याची बायको झद्राव्का म्हणाली. हिला कोणाचंच काही पटत नसे. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, तरी ती त्यांना दुसऱ्या यंत्रावर मोजायला लावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद सगळीकडे लागले. खाली नाव स्पिरोचंच होतं, पण नाव वाचतो कोण? पावाच्या दुकानातल्या बाईनं पेन्कोला पाहून छातीवर क्रूस काढला.

"पेन्कोभाऊ, तुम्ही गेलात ना?"

"नाही. म्हणजे, तो मी नाही."

"फोटो तर तुमचाच आहे."

"फोटो माझा आहे."

"मग?"

मागे रांग खोळंबली होती. खरं सांगावं तर राईनाताईंची फजिती. "तसंच काहीसं," पेन्को पुटपुटला.

बाईनं समजुतीनं मान हलवली. "मग कालचा पाव चालेल ना तुम्हाला?"

"चालेल की."

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्याच्या टेबलावर चार पांढरी फुलं होती. जिवंत माणसाला कोणी सम संख्येत फुलं देत नाही. टेबलामागे व्योलेता नावाची नवी मुलगी बसली होती. साहेबांनी पेन्कोला हळूच बाजूला घेतलं.

"आम्ही सगळे कसेबसे सावरलोय, पेन्को. ही पोरगी या जागेसाठी दोन वर्षं थांबली होती. आता पुन्हा कशाला?"

"नाही नाही, बसू दे तिला," पेन्को म्हणाला. व्योलेता रडू लागली, तेव्हा त्यानंच तिला पाणी आणून दिलं.

परतताना थांब्यावर बस आली. चालकानं त्याच्याकडे पाहिलं आणि बस न थांबवताच पुढे नेली. औषधाच्या दुकानाचं काचेचं दार आपोआप उघडायचं, तेही उघडलं नाही. पेन्को थोडा वेळ दारासमोर उभा राहिला. मग त्या दाराला उगाच त्रास नको, म्हणून निघाला. वाटेत त्यानं स्वतःची नाडी धरून पाहिली. बराच वेळ काही लागलंच नाही. चुकीच्या जागी धरली असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

घरी झद्राव्काभोवती शेजारणी बसल्या होत्या. पहिल्या दिवशी ती फणकारली, "जिवंत आहे तो, रात्रभर घोरतो." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "धक्का बसलाय बिचारीला," एक म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्या वाटाणे सोलून द्यायला आल्या आणि पेन्को किती सज्जन होता हे सांगत बसल्या. इतकं चांगलं झद्राव्कानं नवऱ्याबद्दल कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं वाद घालणं सोडलं. पेन्को कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होता. त्याच्यासमोर कोणी ताटली ठेवली नाही.

नवव्या दिवशी राईनाताई पुन्हा आल्या. "जेवणावळ आहे. स्पिरोची खुर्ची रिकामी बघवत नाही हो. नुसते बसा."

पेन्को तोच काळा कोट घालून बसला. साखर घातलेले शिजवलेले गहू फिरले. पाहुण्यांनी गेलेल्याच्या नावानं दारूचे चार थेंब जमिनीवर सांडले आणि मग त्याच्याकडे पाहून पेला उचलला. कोणी लष्करातली आठवण काढली, कोणी नदीवरची. पेन्को मान हलवत होता, आणि हळूहळू त्याला नदीचं ते गार पाणी घोट्यांपाशी जाणवूही लागलं.

"सगळं ठीक," स्पिरोचा भाऊ कामेन म्हणाला, "पण तळघराची किल्ली मात्र घेऊनच गेला. नऊ दिवस शोधतोय."

"घेवड्याच्या बरणीत आहे," पेन्को म्हणाला.

खोलीतले चमचे थांबले. राईनाताई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. बरणी पालथी केल्याचा, घेवड्याचे दाणे फरशीवर उड्या मारत गेल्याचा आवाज आला. मग एक छोटी खणखण.

त्या परत आल्या आणि किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली. "अजून वाढू?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच पेन्को कोणाचा निरोप न घेता, समोरचं ताट अर्धवट टाकून उठला. जिने चढत पाचव्या मजल्यावर आपल्या दाराशी गेला. आता बस झालं. झद्राव्काला सगळं सांगायचं. ती चार शिव्या घालेल आणि सगळं पूर्ववत होईल. जगात तिच्या गळी काही उतरवणारा माणूस अजून जन्मला नव्हता. त्यानं बेल वाजवली.

झद्राव्कानं दार उघडलं. डोक्याला काळा रुमाल होता, डोळे रडून सुजलेले. तिनं त्या काळ्या कोटाकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे. आणि तिच्या तोंडून कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात ती म्हणाली,

"स्पिरोभाऊ, तुमचं घर खाली. तिसरा मजला."

पेन्कोनं बोलायला तोंड उघडलं. ती दोन्ही हात जुळवून उभी होती. इतकी दमलेली, इतकी ठाम.

"माफ करा वहिनी," तो म्हणाला, "मजला चुकला," आणि कठडा धरून जिना उतरू लागला.