असाल तसे निघा

माणूस जमिनीपासून जितका वर जातो तितकी त्याची इस्त्री कडक असली पाहिजे, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. (गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांना तूर्त यातून वगळलं आहे.)

विमान कंपनीकडे तक्रारी फार वाढल्या. विमानं उशिरा सुटतात, खुर्चीत गुडघे हनुवटीला टेकतात, पाव चाववत नाही. संचालकांनी सखोल अभ्यास केला तेव्हा दोष प्रवाशांच्या चपलांत सापडला. पूर्वी लोक कोट घालून उडत आणि खुर्च्या रुंद असत. तेव्हा कोट घातले की खुर्च्या आपोआप रुंद होतील. या विचाराला कंपनीचा एक पैसा लागणार नव्हता, त्यामुळे तो एकमताने मंजूर झाला.

त्यातून पोशाख कक्ष जन्माला आला आणि त्याचे प्रमुख झाले इस्त्रीसाहेब. हे नाव हाताखालच्यांनी ठेवलेलं, पण साहेबांना ते पदवीसारखं वाटे. दारात उभे राहून ते प्रवाशांची प्रतवारी करीत: सुवेष, सह्य आणि घरगुती. सुवेषाला नमस्कार मिळे. (दहा पावलांवर सुरक्षावाले त्याचा कोट, पट्टा आणि बूट उतरवून घेत. मग तो पँट हाताने धरून चाले, पण सुवेषच.) घरगुतीला कक्षातला राखीव कोट चढवावा लागे. कोट परत घ्यायची तरतूद नियमात राहून गेल्यामुळे सगळे कोट केव्हाच उडून गेले होते. तरी महिन्याभरात शिष्टाचार सत्तर टक्क्यांनी वाढला. विमानं उशिराच सुटत, पण शोभून दिसत.

एके सकाळी साहेबांना आईचा फोन आला. बाबांचं काही खरं नाही, डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घ्या म्हटलंय, असाल तसे निघा. साहेब होते तसेच निघणार होते, म्हणजे सुटाबुटात. विमानाला वेळ होता म्हणून तेवढ्यात दारावरचं काम उरकत होते. त्याच विमानासाठी त्यांची धाकटी बहीण धापा टाकत आली. तिने आईचं शब्दशः ऐकलं होतं. अंगात गाऊन, पायात बाथरूमच्या स्लिपर.

साहेबांनी तिला लगेच ओळखलं, हे इथे नमूद केलं पाहिजे. पण रांगेत मागे संचालकांचे मेव्हणे उभे होते. साहेबांनी बहिणीला घरगुतीत घातलं. मग द्या तो कोट, ती म्हणाली. परतीच्या विमानाने एखादा येईल, तोवर बसावं, असं तिला रीतसर समजावण्यात आलं.

"दादा, आईच म्हणाली ना, असाल तसे निघा."

"आई घरात म्हणाली. हा विमानतळ आहे."

साहेब गेले आणि वेळेवर पोचले. बाबांनी सुटाकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं आणि छकुली कुठाय म्हणून विचारलं.

"तयार होतेय, बाबा."

"होऊ दे सावकाश," बाबा म्हणाले आणि वाट पाहत राहिले. ती संध्याकाळी पोचली, कुणाच्या तरी ढगळ कोटात. बाबा दुपारीच गेले होते.

ही हकिगत ऐकून पुष्कळांचे डोळे भरून येतात. साहेबाला मनसोक्त शिव्या घालून होतात. मग डोळे पुसून, आवाज जरा खाली आणून, ते विचारतात: पण खरंच गाऊनवर आली? चारचौघांत?

तुम्हीही मघाशी तिथेच थबकलात. फुलाफुलांचा होता. काखेत उसवलेला. झालं समाधान?