कुलपाआडचे अप्पा

आमचे शेजारी अप्पा अधूनमधून स्वतःच्याच घराला बाहेरून कुलूप लावायचे आणि मागच्या दाराने आत जाऊन गुपचूप बसायचे. रेडिओ बंद, फोडणी बंद. पाहुण्यांना चहा पाजावा लागू नये म्हणून ही युक्ती, असं अख्ख्या सिडकोचं मत होतं.

अप्पा म्हणजे अंबडच्या आमच्या कारखान्याचे लवाद, कामगार-मालकांच्या तंट्यांचा निवाडा करणारे. नोकरीला लागतानाच आमची करारावर सही व्हायची: पगाराची तक्रार आठ दिवसांत अप्पांकडे न्यायची, नंतर ती मेली. त्यांचं नियमांचं वेड बघूनच मालकांनी त्यांना नेमलं होतं. मी एकदा माझीच छत्री परत मागितली, तर म्हणाले, "पावसाळा संपला. मुदत टळली, विषय मिटला!"

"कायद्यानं दिलेली मुदत असल्या करारानं कमी होत नाही म्हणे," मी डिवचलं.

"मग जा कोर्टात! तिथं मुदत लांब, अन् तारखा त्याहून लांब. तोवर पोरं काय खातील?"

माझ्या खात्यातल्या नामदेवचा ओव्हरटाइम कापला गेला आणि त्याच दिवशी त्याला पेठकडे गावी पळावं लागलं. हे मी अप्पांना सहज बोललो. दोन दिवसांनी त्यांच्या दाराला कुलूप!

नामदेव दहाव्या दिवशी उगवला. अप्पांच्या ओट्यावर मॅनेजर आधीच ठाण मांडून बसलेले.

"बायको अडली व्हती, सायेब," नामदेव म्हणाला.

"मुदत टळली," मॅनेजर खूश होऊन म्हणाले.

"करारातलं कलम सात वाचा," अप्पा म्हणाले. "लवाद परगावी असेल ते दिवस धरायचे नाहीत. मी तीन दिवस नव्हतो. तुम्हीच मिठाई घेऊन आला होतात ना? कुलूप दिसलं नाही?"

मॅनेजरांना कुलूप चांगलंच आठवत होतं. ओव्हरटाइम मंजूर झाला.

सगळे गेल्यावर मी हसत म्हटलं, "अप्पा, तुम्ही तर आत होतात!"

ते हसले नाहीत. "लासलगावहून लेक आली होती, नातवाला घेऊन. कुलूप बघून पायरीवर बसली. तो हाका मारत होता. मी दाराच्या आत उभा."

"मागनं घ्यायचं ना त्यांना!"

"पोरगं बोलकं आहे. आजोबा घरातच आहेत म्हणून सगळ्यांना सांगत सुटलं असतं." त्यांनी डोळे पुसले.

मी म्हटलं, "नातवाच्या तक्रारीला अजून आठ दिवस झाले नाहीत, अप्पा. जा लासलगावला."

ते लगबगीने चपला शोधू लागले. दाराला कुलूप लावलं आणि या वेळी मागच्या दाराकडे न वळता थेट स्टँडकडे निघाले.