मागच्या बाकावरची भिंत

चिमण्याला पाळणाघरात सोडून ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली. "टोपी दिली का मी?" टोपी चिमण्याच्या डोक्यावरच होती. नुकताच शांत झालेला चिमण्या आईला बघून नव्या दमाने रडू लागला. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. "पाणी कोमट द्याल ना?" पाळणाघराच्या मावशी "हो हो" म्हणाल्या, पण त्यांचा एक हात दार लोटायच्या बेतात होता. रोज सांभाळून घेणारी धाकटी ताई आज नेमकी दिसत नव्हती.

स्वतःला ती काळजी घेणारी आई म्हणवून घेई. नवरा दुसरं काहीतरी म्हणे, पण ते तोंडातल्या तोंडात.

नोकरीही स्वभावाला साजेशीच मिळाली होती. निरनिराळ्या कामांची प्रशिक्षणं नीट चालतात की नाही, हे मागच्या बाकावर बसून तपासायचं. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा! घरी हेच काम ती फुकट करत असे. नियम दोनच. वर्गात भिंतीसारखं गप्प बसायचं, आणि कोणी ओळखीचं निघालं तर लगेच सांगून बाहेर पडायचं. आज तिची तपासणी तपासायला साहेब स्वतः येणार होते. पाहणी जमली तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा टांगणीला.

वर्ग होता पाळणाघरात काम करणाऱ्यांचा. साहेब शेजारी येऊन बसले आणि दारातून आत आली ती चिमण्याच्या पाळणाघरातली धाकटी ताई.

नेमकं ओळखीचं माणूस! सांगावं, तर पाहणी रद्द. तिने पर्समधला मास्क काढून घाईघाईने नाकावर चढवला, आणि मास्क कशाला असं कोणी विचारू नये म्हणून दोनदा खोकली.

खोकला ऐकून प्रशिक्षिका धावल्याच. "अगं बाई, पंखा बंद करा बघू आधी!" पंखा बंद झाला, वर्ग घामाघूम झाला. मग गरम पाण्याचा पेला आला. मास्क न काढता पाणी कसं प्यायचं, हे तिला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं. तिने पेला नुसता हुंगला. "वाफ घेतेय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं.

पुढचा धडा होता निरोपाचा. जोड्या पाडायच्या, एकीने आई व्हायचं, दुसरीने मूल. नेमकी एक बाई गैरहजर, त्यामुळे ताई एकटीच उरली. प्रशिक्षिकांची नजर फिरत फिरत मागच्या बाकावर येऊन थांबली.

"मॅडम, तुम्ही मूल होता का?"

"मी? अहो, मी तर भिंत आहे!"

"जा की," साहेब म्हणाले. "सराव आतून कसा वाटतो, तेही कळेल."

ती सतरंजीवर मांडी घालून बसली. ताईने पर्स खांद्याला अडकवली, मान किंचित वाकडी केली आणि म्हणाली, "आई आत्ता येते हं, सोन्या. रडायचं नाही. रडशील का? नाही ना? रडू येतंय का?"

वर्ग खदखदून हसला. मास्कच्या आत तिचा चेहरा भाजून निघाला. हा सूर, ही मान, सगळं ओळखीचं होतं.

तिने ठरल्याप्रमाणे भोकाड पसरलं. ताई दारापर्यंत गेली. प्रशिक्षिकांनी खुळखुळा वाजवला, तशी ती गप्प झाली. खुळखुळा खरंच बरा होता. इतक्यात ताई परत हजर. "टोपी दिली का मी?"

झालं, पुन्हा रडणं आलं. ताई गेली, खुळखुळा वाजला, जरा निवांत वाटलं, तोच ताई आली. "पाणी कोमट द्याल ना?" पुन्हा भोकाड. आता घसा खरोखर बसला. तिसऱ्यांदा तर ताई काही बोललीच नाही. नुसती दाराच्या काचेला नाक लावून डोळे पुसत उभी राहिली. आणि खुळखुळ्यात नुकतंच रमलेलं ते मूल मास्क ओढून ओरडलं, "अगं बाई, जा ना आता! किती वेळा रडू मी?"

ताईने तोंडावर हात ठेवला. "अय्या, चिमण्याची आई! अहो, मी तुमची नक्कल नव्हते हो करत!"

"माझीच करत होतीस," ती म्हणाली. "आणि एक चूक केलीस. मी चौथ्यांदाही येते."

दुपारी ती साहेबांच्या खोलीत मान खाली घालून उभी होती.

"ओळख लपवलीत. भिंत असून रडलात. पाणी हुंगलंत."

"हो, सर."

"या वर्गाची पाहणी आता दुसरं कोणी करेल. पण आपला शेवटचा प्रश्न असतो ना, प्रशिक्षणामुळे कोणाच्या वागण्यात फरक पडला का? त्यापुढे मी आजवर 'सांगता येत नाही' एवढंच वाचत आलोय. आज फरक डोळ्यांनी बघितला. त्या पाहणीत तसं मी स्वतः लिहिणार आहे. उद्यापासून पोराला सोडून सरळ निघाल?"

"निघेन, सर. शप्पथ!"

"मग ओळख पुन्हा लपवायची नाही. तुम्ही कायम. या आता."

ती तरंगत बाहेर पडली. जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. "सर, कायम म्हणजे अगदी कायम ना?"

"हो."

पुन्हा जिना, पुन्हा दार. "पत्र उद्याच मिळेल ना, सर?"

"मिळेल हो!"

तिसऱ्यांदा ती आत आली नाही. दाराच्या काचेला नाक लावून नुसती उभी राहिली. साहेबांनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं, आणि 'फरक पडला' हे नुकतंच लिहिलेलं उत्तर खोडण्यासाठी सावकाश पेनाचं टोपण काढलं.

ती जी सुटली, ती थेट फाटकाबाहेर. मागे वळून न बघता.